तोंड न बघण्याचा महिना

गंगाखेड, १५ जुलै
आखाडाचा पहिला दिवस

चि. सौ. अनुपमा,

शरणार्थ. इकडे सगळं ठीक आहे. तिकडेही ठीक असेल असं धरून चालते, कारण खरं काय ते मला कुणी सांगत नाही.

सासूनं सुनेला पत्र लिहायचं म्हणजे आजच्या दिवसात हसण्यासारखंच आहे. तुझे सासरे हसलेच. "फोन कशाला हाय मग?" म्हणाले. फोन आहे, पण तू बोलायला लागलीस की मागून तुझ्या आईच्या बांगड्या वाजतात. स्पीकर लावलेला असतो हे मला कळतं. आणि तू "हो", "बरं", "ठेवू का" याच्या पुढे जात नाहीस. म्हणून हा कागद. बन्सीधरची जीप रोज सकाळी परभणीवरून पेडगावला जाते, त्याच्या हाती देते आहे. पाकिटाला चारी बाजूंनी स्टेपलर मारला आहे. पिना उचकटलेल्या दिसल्या तर कळव.

तू दोन दिवसांसाठी म्हणून माहेरी गेलीस. तेव्हा जेठ संपायचा होता. रुद्रेश तुला पोचवायला म्हणून गेला, तोही तिकडेच राहिला आणि मग एकटाच परत आला. मी विचारलं, सून कुठं आहे? म्हणाला, "आता आखाड लागायलाय. त्यांच्यात लय कडक पाळतात. पहिल्या आखाडात सासू-सुनेनं एकमेकीचं तोंड बघायचं नसतंय. ऱ्हाऊ दे महिनाभर." एवढं बोलून तो साखरेची पोती उतरवायला लागला. हा पोरगा गिऱ्हाइकाशी डोळ्याला डोळा लावून बोलतो आणि आईशी पोत्याकडे बघून बोलतो. मग माणसानं काय समजायचं?

नवी नवरी पहिल्या आखाडात माहेरी जाते हे मलाही माहीत आहे. मीही गेले होते. पण तोंड बघायचं नाही हे मी आमच्या गल्लीत कुणाच्यात ऐकलं नाही. तुमच्यात असेल तर माझी ना नाही. फक्त लग्न ठरवताना तुझ्या आईनं मानपान, आहेर, वरातीची वेळ सगळं चारचारदा सांगितलं, आणि एवढी मोठी गोष्ट तेवढी सांगायची विसरली. आणि तोंड म्हणजे किती तोंड ते पण विचारून ठेव. मोबाईलवर दिसलेलं चालतं का? फोटोतलं? दुकानात गल्ल्याच्या वर तुमचा मांडवातला फोटो आहे, त्यावर मी तूर्त कॅलेंडर टांगलं आहे. पाळायचं तर नीट पाळू.

आता मनातलं सांगते. चुडाव्याच्या माझ्या जावेची सून अशीच आखाडाला म्हणून माहेरी गेली. श्रावण आला, पोळा आला, दिवाळी आली. दिवाळीला सून आली नाही, वकिलाचा कागद आला. जाऊ अजून म्हणते, "बाई, मला काय ठावं, मी तर तिला लाडू बांधून दिले." मला लाडू बांधून देऊन मागे रडायचं नाही. श्रावणाच्या पहिल्या सोमवारी तू या घरात परत येणार आहेस की नाही, एवढं एकच मला कळव. बाकी सगळं उगाच लिहिलं आहे.

नागुबाई


गंगाखेड, २० जुलै

अनुपमा,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चार ओळी. "मी बरी आहे. काळजी नसावी. आखाड झाल्यावर बघू. तब्येत सांभाळा." दुकानात गिऱ्हाईक "बघू" म्हणून पायरी उतरलं की ते परत येत नाही. गल्ल्यावर बसून माझे केस पांढरे झाले, त्यात एवढं तर शिकले.

मग मी चौकशीला लागले. आधी शेजारच्या कडूबाईला धरलं. ती दूध घालायला आली होती. म्हणाली, "आमच्यात तोंडाबिंडाचं काय न्हाई बाई. आमच्यात आखाडात मटण असतंय." ते तर मला नाकानंच कळतं. श्रावण लागायच्या आत उरकायचं म्हणून सगळ्या गल्लीत कुकरच्या शिट्ट्या चालल्या आहेत. आपल्या घरात मटण नाही, पण म्हणून आपल्यालाही आखाड तळावा लागतोच. या महिन्यात घरात कढई तापली नाही तर घर रुसतं असं माझी सासू म्हणायची.

मग मठात गेले. स्वामी म्हणाले, आपल्यात चांगला महिना, वाईट महिना असं काही नाही, शरणांना सगळे दिवस सारखे. मी म्हटलं, मग माझ्या पोराच्या लग्नाला तुम्ही पौषातली तारीख का नाही दिली? माघापर्यंत का थांबवलं? ते हसले आणि चहा मागवला.

शेवटी खरी माहिती मिळाली ती एका म्हातारीकडून. निलंग्याकडची आहे, लेकीकडे आली आहे, तंबाखू घ्यायला दुकानात येते. तिच्याकडे पाळतात. मी कारण विचारलं तर पदर तोंडाला लावून म्हणाली, "आखाडात दिवस ऱ्हायले की लेकरू चैतात व्हतंय. चैताचं ऊन आन् पयली बाळंतीण. जुन्या लोकायनं म्हून नवरा-बायकोला एक महिना लांब ठिवलं. सरळ सांगायला लाज वाटली, म्हून सासूचं तोंड फुडं केलं." ऐकलंस? भानगड नवऱ्याची आणि बदनाम सासूचं तोंड. माझ्या नावावर आजवर पुष्कळ काही खपवलं गेलं आहे, त्यात ही एक भर.

तसं तुमच्या बाबतीत चैताच्या उन्हाची काळजी करावी असं काही अजून दिसत नाही. कडूबाईच्या सुनेचं लग्न तुझ्यानंतर झालं, आणि तिला कालपासून चिंचा लागायला लागल्या. कडूबाईनं दूध मापताना मला मुद्दाम सांगितलं. मी म्हटलं, आमच्याकडे नुसतं "बघू" चाललं आहे.

सोबत डबा देत आहे. गुळाच्या कापण्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, थोडी शेव. गरम असताना झाकण लावलेलं नाही, मऊ पडल्या तर तो दोष बन्सीधरचा. डबा स्टीलचा आहे, त्यावर नाव कोरलेलं आहे, परत यावा.

नागुबाई


गंगाखेड, २७ जुलै

अनुपमा,

डबा आला. घासून पुसून आला आणि आत साखर घालून आला, तुझ्या आईची रीत चांगली आहे हे मी मानते. पण बन्सीधरनं जे सांगितलं ते मला आवडलं नाही.

त्याला मी चहा पाजून सगळं विचारून घेतलं. जीप लावली, तर दारात तुझी आई. अंगणात तुझ्या भावाची पोरं कापण्या खायला लागली. बन्सीधर म्हणाला, "अनुपमाताई कुठं हायत?" तर तुझी आई म्हणाली, "पडलीय जरा." सकाळचे दहा वाजलेले. आमच्या घरात तू पाचला उठून सडा घालत होतीस. आणि बन्सीधरचं तोंड बघायची तर काही बंदी नाही ना? तो काही तुझी सासू नाही.

आता मला चार प्रकारे वाटतं आहे. एक, तुला ताप आहे. तसं असेल तर सरळ लिही, इथून औषध पाठवते. दोन, ताप नाही, काम नको म्हणून पडली आहेस. तेही लिही, मी कुणाला सांगणार नाही. तीन, तू पेडगावात नाहीसच. पुण्याला मावशीकडे गेली आहेस, पुढे नोकरी बघशील, आणि ही चार-चार ओळींची पत्रं आधीच लिहून आईकडे ठेवली आहेस. तुझे सासरे म्हणाले, "नागू, तू टीव्ही कमी बघत जा." चौथं मी लिहीत नाही.

खरं विचारशील तर तुझं धोंड्यापासून बिनसलं आहे. हा धोंड्याचा महिना तीन वर्षांतून एकदा येतो. चंद्राचा आणि सूर्याचा मेळ बसत नाही, म्हणून मध्ये एक महिना जास्तीचा घालतात. त्याला कुणी देव घ्यायला तयार नव्हता, शेवटी पुरुषोत्तमानं घेतला, म्हणून तो पुण्याचा. बाकी सगळ्यांचं पुण्य असेल, सासवांना काही नाही. तो महिना नुसता जावयाचा. तुमच्याकडे रुद्रेशला पाटावर बसवलं, पुरणाचे धोंडे खाऊ घातले, तांब्याच्या ताटात दिवा ठेवून अनारशांचं वाण दिलं. अनारसे घरी आल्यावर मी मोजले नाहीत असं म्हणणार नाही. पुरते तेहतीस होते, जाळीही छान पडली होती. तोपर्यंत सगळं नीट होतं.

मग तुम्हाला पुरुषोत्तमपुरीच्या जत्रेचं सुचलं. मी म्हटलं, रस्ता उकरून ठेवला आहे, मोटारसायकलवर आदळत जाऊ नका, एसटीनं जा. तुम्ही मोटारसायकलवरच गेलात. संध्याकाळी परत आलात तेव्हा तुझ्या केसांत धूळ आणि तोंडावर एवढं हसू होतं की मला राग आला. दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. त्यानंतर तू फोडणी पडली की स्वयंपाकघरातून बाहेर जायला लागलीस. पाठीमागच्या दारात जाऊन उभी राहायचीस. सासूच्या जवळ उभं राहायलासुद्धा हिला नको झालं, असं मी समजले. मीही मग तुला हाक मारणं सोडलं.

त्याचाच राग असेल तर तसं लिही. राग असला तर बरंच आहे, रागाचं काहीतरी करता येतं. नुसतं "मी बरी आहे" याचं मी काय करू?

नागुबाई


गंगाखेड, ३१ जुलै

अनुपमा,

आज बाजारात तुझी महानंदा आत्या भेटली. ती तुमची गंगाखेडातली एकुलती एक नातेवाईक, आणि लग्नापासून मला चुकवत फिरते. आज मेथीच्या एकाच जुडीवर दोघींचा हात एकदम पडला, तेव्हा पळायला जागा नव्हती.

मी गोड बोलले. म्हटलं, तुमच्यात आखाड फार कडक पाळता हो, आम्हाला नवीनच आहे. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "आमच्यात? आमच्यात कुठं पाळायलेत विहीणबाई? तुमच्यातच लय कडक हाय म्हून रुद्रेशरावांनी सांगितलं. सासूबाईला पाळायचंय, महिनाभर तोंड दाखवू नका म्हणाले. वहिनी तर रडायली होती, म्हणली, माझ्या लेकीचं तोंड त्यांना एवढं जड झालंय का."

मेथी तिथेच ठेवली आणि मी घरी आले.

म्हणजे तुमच्यात नाही आणि आमच्यातही नाही. दोन घरं पंधरवडाभर एक अशी रीत पाळत आहेत, जी दोघांत कुणाचीच नाही. तुमचे लोक माझा मान राखतात, मी तुमचा राखते. मी तर फोटोवर कॅलेंडर टांगून बसले आहे. आणि मधल्यामध्ये माझा मुलगा रोज दुकान उघडतो, उदबत्ती लावतो, कपाळाला विभूती लावतो आणि दोन्हीकडे खोटं बोलतो.

आजपर्यंत मी तुझ्यावर संशय घेत होते. आता रुद्रेशवर घेते. आठवड्यातून दोनदा "परभणीला माल आणायला" म्हणून जातो. काल आला तेव्हा माल म्हणजे काडीपेट्यांचा एक बॉक्स. काडीपेट्यांसाठी कुणी परभणीला जातं का? मोबाईलला आकडे घालून कुलूप लावलं आहे. जेवताना मी विचारलं, "तू माझ्याशी खोटं का बोललास?" तर म्हणाला, "सांगतो नंतर," आणि ताटात हात धुतला. अर्धी भाकरी तशीच राहिली.

मी तुला स्पष्ट विचारते. त्यानं तुला सोडायचं ठरवलं आहे का? दुसरीकडे कुठे काही आहे का? तुझ्या आईला मी जड झाले नाही, हे आधी तिला सांग. आणि तुला काही माहीत असेल तर या वेळी चार ओळी चालणार नाहीत. पोरगा माझ्या पोटचा आहे, पण खोटेपणात मी त्याच्या बाजूनं उभी राहणार नाही. तू सून असून मी तुझ्या बाजूनं उभी राहीन. हे वाक्य जपून ठेव, असं मी रोज लिहीत नाही.

नागुबाई


गंगाखेड, ४ ऑगस्ट

अनुपमा,

तुझ्याकडून काही आलं नाही. मग मीच शोधून काढलं, आणि जे निघालं ते तुला कळलंच पाहिजे.

दुकानात मागच्या फळीवर बरण्या आहेत. त्यांना रुद्रेश सहसा हात लावत नाही, ते खातं माझं. आज तिथली धूळ पुसायला घेतली तर डिंकाची बरणी अर्ध्यावर. आखाडात डिंक कोण खातं? ते थंडीचं खाणं. दिवाळीपर्यंत त्या बरणीकडे कुणी बघत नाही. मग खारीक बघितली, तीही उतरलेली. गोडंबी, आळीव, खोबरं, सगळं थोडं थोडं कमी. बाळंतशोपेचा तर पुडाच फोडलेला. विकलं असतं तर मला कळलं असतं, कारण असा माल मागायला बाई येते तेव्हा ती माझ्याशीच बोलते, रुद्रेशशी नाही. गिऱ्हाईक काय घेऊन जातं त्यावरून त्याच्या घरात काय चाललं आहे हे मला न विचारता कळतं. मिरी आणि खडीसाखर नेली की घरात खोकला. साबुदाणा जास्त नेला की उपासाची पाहुणी आली. आणि डिंक, खारीक, आळीव, बाळंतशोप हे सगळं एकत्र नेलं की तिथे बाळंतीण.

म्हणजे तुझा नवरा महिनाभर माझ्या दुकानातून कुणा बाळंतिणीला खाऊ घालायला लागला आहे. परभणीला माल आणायला जातो म्हणे. हाच तो माल. मला चौथं जे वाटत होतं आणि मी लिहिलं नव्हतं, ते हेच. कुठेतरी एखादी बाई आहे, तिला मूल झालं आहे, आणि म्हणून तुला माहेरी बसवून ठेवलं. त्या भवानीला मी दारात उभं

मध्येच थांबले होते. दुकानात कुणी आलं म्हणून नाही.

शोपेचा पुडा हातात होता, त्याचा वास आला. मला तू पाठीमागच्या दारात उभी दिसलीस, पदर नाकाला लावलेला. फोडणी पडली की जायचीस. जिरं तडतडलं की जायचीस. मी समजले, सासू नको. अनुपमा, मी दोन मुलांना जन्म दिला. गल्लीतल्या बाईचं चालणं बघून मी सांगते तिला कितवा आहे ते. आणि माझ्या चुलीपाशी उभ्या असलेल्या पोरीचं मला कळलं नाही, कारण मी तुझ्यात दुसरंच काहीतरी शोधत होते.

मूल झालेलं नाही. व्हायला अजून वेळ होता. आणि बाळंतिणीचं खाणं तर चालू आहे.

ज्या बाईचं राहत नाही, तिलाही हेच देतात. कंबर धरून राहावी म्हणून. सव्वा महिना.




पेडगाव, ५ ऑगस्ट

अनुपमा,

वर गाव पेडगाव लिहिलं आहे, चुकून नाही. हे मी घरून निघताना लिहायला घेतलं, पण गाडीची वेळ झाली. परभणीच्या स्टँडवर थोडं लिहिलं, आणि बाकीचं इथे तुमच्या वेशीतल्या पारावर बसून लिहिते आहे. कालचं अर्धं पत्रही सोबत आहे. ते फाडणार होते. पण फाडलं असतं तर मी काय-काय विचार केला ते लपवल्यासारखं झालं असतं, आणि या महिन्यात लपवालपवी पुष्कळ झाली.

काल रुद्रेश जेवायला आला तेव्हा मी शोपेचा पुडा त्याच्या ताटाशेजारी ठेवला. त्यानं पुड्याकडे बघितलं आणि तो रडायला लागला. लग्नात त्याचे डोळे कोरडे होते, त्याची आजी गेली तेव्हाही तो उभा राहिला होता. काल लहान पोरासारखा रडला. मग सगळं सांगितलं. तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगायचं नसतं म्हणून तुम्ही गप्प होतात, आखाड लागला की मला पेढा देऊन सांगणार होतात. तू आईला सांगायला म्हणून दोन दिवस माहेरी गेलीस, आणि तिथेच दुखायला लागलं. परभणीच्या दवाखान्यात नेईपर्यंत काही राहिलं नव्हतं. डॉक्टरीण म्हणाली, गाडीचा, धक्क्याचा काही संबंध नाही, पहिल्या वेळी पुष्कळ जणींचं असं होतं. हे तो मला तीनदा म्हणाला. मी तीनदा ऐकून घेतलं.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? त्यानं डोळे पुसले. मग म्हणाला, "आई, तू म्हणली असतीस, मी सांगितलं होतं, गाडीवर जाऊ नका. एकदाच म्हणली असतीस. पण अनु ते जन्मभर इसरली नसती. तुझ्या नजरेतनं काय सुटत न्हाई. तिचं तोंड बघितलं असतंस तर तुला कळलं असतं. म्हून म्हणलं, तोंडच नको."

तुझे सासरे भिंतीला टेकून बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. बरण्या त्यांनीच काढून दिल्या होत्या. एवढ्या मोठ्या घरात एकटी मीच राहिले, जिला सांगण्यासारखं कुणाला वाटलं नाही.

मला राग यायला हवा होता. आला नाही. कारण मी मनात ते वाक्य म्हणून बघितलं, "मी सांगितलं होतं," आणि ते माझ्या जिभेवर अगदी तयार होतं. रुद्रेशला आई नीट ओळखता आली आहे.

आणि मग मला माझी पत्रं आठवली. तू तिथे पडून होतीस आणि मी तुला कडूबाईच्या सुनेच्या चिंचा लिहून पाठवल्या. चैताचं ऊन लिहिलं. "बघू" वरून टोमणा मारला. त्या ओळी तू वाचल्यास, आणि परत लिहिलंस काय, तर काही नाही. एक अक्षर वाईट नाही. मी तुझ्या जागी असते तर पत्राचे तुकडे त्याच डब्यात भरून पाठवले असते.

मी तुला परत न्यायला आलेले नाही. तुला वाटलं असेल, आली म्हातारी, आता हातपाय धरून घेऊन जाईल. सव्वा महिना होऊ दे, दोन होऊ दे. श्रावणाचा सोमवार मी पहिल्या पत्रात लिहिला होता, तो खोडला असं समज. घर तुझं आहे. तू यायचं ठरवलंस तर दार उघडं आहे. नाही आलीस तर मी चुडाव्याच्या जावेसारखी "मला काय ठावं" म्हणत फिरणार नाही. मला ठावं आहे.

एक मात्र मला करू दे. मी काल विचार करत होते की बाई बाळंत होते तेव्हा बारसं असतं, पाचवी असते, गल्ली जेवते. राहिलं नाही तर काहीच नसतं. कुठल्या महिन्यात काय तळायचं, कुणाचं तोंड बघायचं नाही, जावयाला अनारसे किती, सगळं ठरलेलं आहे. याला काही ठरवलेलं नाही. कुणी येत नाही, कुणी बसत नाही, घरातल्या घरात पडून राहायचं आणि सगळ्यांना सांगायचं "बरी आहे". म्हणून मी आले. याला रीत नाही, तर नसू दे. मी डिंकाचे लाडू वळून आणले आहेत, खारीक बारीक कुटून घातली आहे, तूप घरचं आहे. आणि तुझी साडी आणली आहे, मऊ सुती, तू रोज नेसायचीस ती निळी.

मी हे सगळं तोंडानं बोलू शकले असते, पण माझ्या तोंडाचा मला भरवसा नाही. बोलायला उभी राहिले तर दुसऱ्याच वाक्याला काहीतरी भलतं निघेल. म्हणून हे लिहून आणलं. तुमच्या दारात येते आणि हे पत्र तुझ्या आईच्या हातात देते. या वेळी पाकिटाला पिना नाहीत, तिनंही वाचलं तरी चालेल. तिची माफी मी वेगळी मागेन.

तू वाच. सावकाश वाच. तोपर्यंत मी ओट्यावर बसते, तोंड रस्त्याकडे करून. आखाड संपायला अजून आठवडा आहे, आणि खोटी असली तरी ही रीत तू एवढे दिवस पाळलीस, ती मी मोडणार नाही. तू हाक मारलीस तरच वळेन. वळल्यावर काही विचारणार नाही. कधी, कसं, कुठे, का, काही नाही. फक्त एवढंच विचारीन, अजून दुखतं का.

हाक मारावीशी वाटली नाही तर आईकडून डबा तेवढा आत घे. मी संध्याकाळच्या गाडीनं जाईन आणि मनात काही ठेवणार नाही. घाई करू नकोस. आज दुकान बंद ठेवून आले आहे.

नागुबाई